डोक्यावर पागोटं, खाली तीन रेघा

मोठं

लिन मिस्त्री आपल्याच रंध्याच्या छिलक्यांत पालथा पडला होता आणि त्याच्या कानामागचं रक्त अजून ओलं होतं.

सुगंधाबाई दारातच थिजली. तीस वर्षं सुईणपण केलेली बाई, रक्ताला भिणारी नव्हे. वडशातली निम्मी पोरं तिच्या हातावर आली होती, काही हातावरच गेलीही होती. पण ते रक्त देवाच्या हिशेबातलं. हे कुणीतरी माणसानं काढलेलं होतं. ज्या निरोपासाठी ती भर दुपारी धावत आली होती तो तोंडातच राहिला. निरोप एवढाच होता की बुधरीला कळा सुरू झाल्यात, तिच्या नवऱ्याला, पत्रूला, घरी पाठवा.

लिन मिस्त्री म्हणजे वडशाचा चिनी सुतार. लढाईच्या वेळी बर्मातून पायी निघाला, कलकत्त्याला पोचला आणि सागाच्या मागं मागं येत चांदा जिल्ह्याच्या या झाडीत टेकला. आता सत्तावन्न साल चालू होतं, म्हणजे त्याला इथं दहा वर्षं झाली होती. त्याची करामत होती जुळणीचा रंगमंच. धान निघालं की झाडीपट्टीत नाटकांचा मोसम. आज या गावची मंडई, म्हणजे जत्रा, उद्या त्या गावची. लिननं असा सागवानी मंच काढला की चाळीस तुकडे बैलगाडीत टाका, पुढच्या गावी उतरवा आणि क्रमानं एकात एक बसवा, खिळा म्हणून नको. प्रत्येक तुकड्यावर काळ्या शाईत त्याचा क्रम लिहिलेला असे. त्यामुळे वडशातल्या ज्या हमालाला स्वतःची सही येत नव्हती, त्यालाही चिनी क्रम दहापर्यंत घडाघडा वाचता येई. त्या माणसाला मारावं असं कुणाला वाटलं असेल, हेच सुगंधाबाईच्या डोक्यात शिरेना.

प्रेताच्या उजव्या हाताशी जुन्या मंचाची एक तुळई पडली होती. जवळ शाईची दौत, कुंचला आणि रक्तानं माखलेली लाकडी मोगरी. तुळईच्या टोकाला ताज्या शाईची खूण होती. वर पागोट्यासारखं काहीतरी किचकट, त्याखाली तीन आडव्या रेघा.

अर्ध्या तासात गुणवंतराव जमादार आले. माणूस वाईट नव्हता, पण विचार करण्यापेक्षा मिशीला पीळ देणं त्यांना जास्त जमे.

"तीन रेघा," ते म्हणाले. "म्हंजे तिघांनी मिळून मारलं."

"नाई साहेब," मागून दसरू म्हणाला. दसरू हा मिस्त्रीच्या हाताखालचा गडी, हाताचा सफाईदार आणि जिभेचा त्याहून. "नुसत्या रेघा असत्या त तीन. वरतं पागोटं हाय, म्हंजे तिसरा. मंचाच्या तिसऱ्या तुकड्यावर बी हेच निशान रायते."

दारात जमलेल्या हमालांनी माना डोलावल्या. खरंच होतं ते.

"तिसरा कोण?" जमादारांनी विचारलं.

कारखान्यात गडी तीनच. पन्नाशीचा इसरू सगळ्यांत जुना, मग दसरू, आणि दोन वर्षांपूर्वी कुरखेड्याकडच्या जंगलातून आलेला गोंडाचा पत्रू. सगळ्यांचे डोळे एकाच वेळी दाराकडे वळले, कारण पत्रू तेवढ्यात दोरी वळायचा पळसाच्या मुळीचा वाख खांद्यावर टाकून आत येत होता.

त्यानं मिस्त्रीला पाहिलं आणि वाख खाली पडला. "बाबा!" एवढंच तो ओरडला. दुसऱ्या क्षणी जमादारांच्या शिपायानं त्याचे हात धरले.

"पाचच्या गाडीनं चांद्याले नेतो याले," गुणवंतराव म्हणाले.

दुसरं

बुधरी झोपडीत खांबाला धरून उभी होती. सुगंधाबाईनं तिच्या पोटावर हात ठेवला. अजून वेळ होता, पण संध्याकाळच्या पलीकडे नव्हता.

"कितवं हाय वो?" तिनं विचारलं. हा प्रश्न ती प्रत्येकीला विचारी. पहिलटकरणीला वेळ लागतो, पुढच्यांना कमी. त्यात कौतुक वगैरे काही नसे.

"तिसरं," बुधरी म्हणाली.

"मंग लवकर व्हईल."

"थो कुठी हाय, माय? मिस्त्रीनं सुट्टी नाई देल्ली?"

सुगंधाबाईनं तोंड फिरवून चुलीत काटकी सारली. आयुष्यभर बाळंतिणींशी ती खोटं बोलत आली होती. मूल आडवं असलं तरी सरळ आहे म्हणायचं, ही तिची रीत. पण आज खोटं बोलताना तिला भडभडून आलं. ही पोरगी रान सोडून नवऱ्याच्या भरवशावर या रेल्वेच्या गावात आली होती. इथं तिचं दुसरं कुणी नव्हतं. पत्रूला एकदा चांद्याला नेलं की गोंडाची बाजू तिथं कोण ऐकणार? खुनाला फाशी असते, एवढं सुगंधाबाईला माहीत होतं.

"येईल," ती म्हणाली. "पोर व्हायच्या आंदी मी घिऊन येतो त्याले. शब्द देल्ला समज."

शेजारच्या सोनीबाईला बुधरीपाशी बसवून ती बाहेर पडली. शब्द तर दिला, पण तो पाळायचा कसा, ते काही तिला ठाऊक नव्हतं. स्टेशनच्या घड्याळात अडीच झाले होते.

तिसरं

कारखान्यात इसरू एकटाच बसला होता. प्रेत उचललं होतं, तुळई तशीच होती. पंचनाम्यात तिची लांबी-रुंदी लिहून झाल्यावर जमादारांना तिच्यात रस उरला नव्हता.

"इसरूभाऊ, दुपारी कोण कोण होतं इथी?"

"कोनीच नाई. मी जेवाले घरी गेलतो. दसरू मालधक्क्यावर गेलता, पेट्या पाह्याले. पत्रू वाख आणाले जंगलात. मिस्त्री पाळण्याले दोरी पायजे म्हने."

"पाळणा?"

इसरूनं कोपऱ्याकडे बोट केलं. तिथं एक लहानसा सागवानी पाळणा होता, दोरी तेवढी बांधायची राहिलेली. "पत्रूच्या पोरासाठी. काल दोघाईचं जोरानं बोलणं झालं म्हून जमादारानं त्याच्यावर घेतलं. पण थे भांडण नोतं, बाई. पत्रू म्हने पैसे कापा, मिस्त्री म्हने नाई कापत. थेच."

"मंग जमादाराले काऊन नाई सांगितलं?"

"सांगितलं. थे म्हनते, लिवलेलं खोटं असते का?" इसरू उठला, कोनाड्यातल्या वाट्यांपैकी दुसरी वाटी न बघताच उचलली, माठातलं पाणी ओतून गटागटा प्यायला आणि वाटी परत दुसऱ्या जागी ठेवली.

सुगंधाबाई कोनाड्याकडे बघत राहिली. चार वाट्या ओळीनं होत्या. पहिलीत आज सकाळचा भात होता, कुणी न खाल्लेला, वर एक माशी. मिस्त्रीचा स्वतःचा मोठा कटोरा चुलीपाशी उपडा होता.

"गडी तीन अन् वाट्या चार?"

"थे लच्छूची." इसरूचा आवाज बसला. "मिस्त्री रोज पह्यले तिच्यात भात टाके. मंग आमाले."

लच्छू गावात सगळ्यांना आठवत होता. लिननं इथं आल्यावर हाताशी धरलेलं पहिलं पोरगं. मागच्या हिवाळ्यात सावली गावच्या मंडईला मंच उभा करताना सातवी तुळई खांबातून निसटली आणि लच्छू तिच्याखाली सापडला. सगळे म्हणाले, पोरानं घाई केली, तुळई नीट बसवली नाही. लिन काहीच म्हणाला नाही. मंचाचे तुकडे त्यानं मागच्या खोलीत रचले आणि वर्षभर त्यांना हात लावला नाही. यंदा मंच पाहिजेच म्हणून नाटकवाल्यांनी हट्ट धरला, तेव्हा कुठं या आठवड्यात ती खोली उघडली होती.

"हे तुळई थेच का?"

"हो, सातवी."

सुगंधाबाई खाली बसली. बाई सुतार नव्हती, पण बोटांनी बघायची तिला सवय होती. तुळईच्या टोकाला लाकडाची एक जीभ असते, ती खांबाच्या खाचेत शिरते. या जिभेचं टोक तुटलेलं होतं. आणि तुटलेल्या जागी साग नव्हताच. सरसानं चिकटवलेला पांढरट, हलका लाकडाचा तुकडा होता, वरून तेल चोळून सागासारखा केलेला.

"सावरीचं लाकूड!" इसरू किंचाळलाच. त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "जीभ आखूड कापल्या गेली, अन् कोनं त मागून ठिगळ लावलं. लच्छूची चुकी नोतीच! आमी सालभर त्या पोराच्या नावानं..."

सुगंधाबाईनं त्या ठिगळावरून पुन्हा बोट फिरवलं. म्हणजे मिस्त्रीनं हे आज पाहिलं होतं. पाहिलं, आणि शाई घेऊन कुणाचं तरी नाव लावलं.

"मिस्त्री गड्याईच्या कामावर निशान करे का?"

"मंचाच्या नाई, पण बाकी कामाच्या सांध्याच्या पोटात काईतरी काळं करे. एकेक काम तपासून, जिभेवर कुंचला फिरवे अन् सांधा बंद करे. आमाले दाखवे नाई. आमी म्हनू, पूजा असंल त्याच्या देवाची."

तिनं खूण पुन्हा पाहिली. तुळईवर, आजूबाजूला, सगळीकडे रक्ताचे बारीक शिंतोडे उडालेले होते. खुणेवर मात्र एकही नव्हता. तिथलं लाकूड कुणीतरी हळूच पुसून घेतलं होतं, इतकं जपून की शाईची एक रेघसुद्धा फासटली नव्हती. तिला ते चमत्कारिक वाटलं.

तेवढ्यात नानाजी आले. नाट्यमंडळाचे मालक, साठीचे, आवाज असा की कानात बोलले तरी शेवटच्या रांगेला ऐकू जावं. लिनचे ते या गावातले पहिले दोस्त. आज मात्र त्यांचा आवाज खोल गेला होता.

"नानाजी, हे पागोटं काय भानगड हाय?"

"मले त्यानंच शिकवलं," नानाजी डोळे पुसत म्हणाले. "आपण आकड्याले मागून शेपूट लावतो. पाच, मंग पाचवा. थो म्हने, तुमचं शेपूट बी दरखेपी वेगळं, पह्यला, दुसरा, चौथा, काई धरबंध नाई. आमचं एकच पागोटं, कोन्या बी आकड्याच्या डोक्यावर ठेवा, झाला नंबर. फकत माणसाईच्या बाबतीत पह्यल्याले पह्यला नाई म्हनत. त्याले म्हनते मोठा. लच्छूले थो मोठाच म्हने. पोरगं एकोणीस सालाचं, अन् पन्नाशीच्या इसरूसमोर त्याले मोठा म्हने! इसरूले राग ये."

"काऊन नाई येणार?" इसरू पुटपुटला.

"पण थो वय पाहेच नाई. आल्याच्या पाळीनं मोजे. आंदी आला थो मोठा."

इतक्यात दसरू आत डोकावला. त्यानं डोळे लाल करून घेतले होते. "काय करून राह्यले जी? झालं गेलं. पत्रूच होय थो. मोठा त गेला. मंग इसरूभाऊ एक, मी दोन, पत्रू तीन. बोटावर मोजा."

सुगंधाबाईनं बोटावर मोजलं. हिशेब बिनचूक होता.

"मले चोपन्न साली रंगाची पेटी दसरूनं बनवून देल्ली," नानाजी उसासा टाकत म्हणाले. "पत्रू त तवा इथी आलाच नोता. काय सांधे केले होते गा! आता कोन बनवनार असे गडी?"

साडेतीन झाले होते. हाती काही लागलं नव्हतं. सुगंधाबाई बुधरीकडे परतली, कारण तिथं तरी तिचा उपयोग होता.

चौथं

कळा आता जोरात होत्या. सोनीबाई बिचारी चांगली, पण तोंडाला लगाम नाही. ती बुधरीची पाठ चोळत म्हणाली, "पह्यलटकरीण हाय, भेते बिचारी. घरात लेकरू त दुसरं दिसत नाई."

"नाई," बुधरी दात आवळून म्हणाली. "तिसरं."

"मंग आंदीचे दोघं?"

बुधरीनं दाराबाहेर, रानाच्या दिशेनं पाहिलं.

सुगंधाबाईच्या हातातलं तेलाचं भांडं खाली पडलं.

देवा रे! दुपारी तिनं हेच ऐकलं होतं आणि कानाआड केलं होतं. रिकामं अंगण, घरात एक अंगडं नाही की खुळखुळा नाही, आणि ही म्हणते तिसरं. तिला नवल वाटलंच नव्हतं, कारण गेल्या तीस वर्षांत कोणत्याच आईनं तिला वेगळं सांगितलं नव्हतं. मेलं म्हणून मधलं पोर गाळून कोणती आई मोजते? पहिलं ते पहिलंच. ते गेलं म्हणून दुसरं काही पहिलं होत नाही. त्याची जागा त्याचीच असते, रिकामी का असेना.

आणि रिकामी तरी कुठं? तिच्यात रोज भात घातला जात होता.

"इसरूनं दुसरी वाटी उचलली," ती मोठ्यानं म्हणाली.

"काय म्हनते वो?" सोनीबाई घाबरली.

"हिले सोडू नको. मी आलोच." आणि साठीची बाई लुगड्याचा काष्टा खोचून अशी पळाली की नानाजींच्या दारापर्यंत तिनं श्वास घेतला की नाही कोण जाणे. "नानाजी, रंगाची पेटी घ्या अन् ठेसनावर चाला! इसरूभाऊले बी बलावा, मोगरी-पटाशी घेऊन!"

फलाटावर गर्दी होती. पत्रू दोन शिपायांच्या मधे खाली मान घालून बसला होता. दसरूही होता; पत्रूची शिदोरी घेऊन आला होता, पहा! लोक त्याच्या चांगुलपणाची तारीफ करत होते.

"जमादारभाऊ," सुगंधाबाई धापा टाकत म्हणाली, "एक गोष्ट सांगा. पत्रूनं मारलं असतं अन् थे निशान त्याचं असतं, त त्यानं ठेवलं असतं का? शाई वली होती. एक हात फिरवला असता त पुसल्या गेलं असतं."

गुणवंतरावांचा हात मिशीवर थांबला. "घाईत राह्यलं असंल."

"घाई कुठची? सगळ्या तुळईवर रगत उडालं, अन् निशान कोरं! रगत पुसलं कोनीतरी, शाईले धक्का न लावता. मारणाराले थे निशान तुमाले दाखवाचं होतं. म्हंजे त्याले वाटलं, हे दुसऱ्याचं हाय."

तिनं चार बोटं वर केली.

"अन् मिस्त्री तिसरा कोनाले म्हने? तुमी जित्यांची गिनती केली. त्यानं तशी केली नाई. त्याच्या कोनाड्यात चार वाट्या हायेत. पह्यली लच्छूची. साल झालं पोराले जाऊन, पण थो अजून मोठाच हाय; रोज सकारी त्याले आंदी भात. दुसरी वाटी इसरूभाऊची. मी सोताच्या डोळ्यानं पाह्यलं. सांगा इसरूभाऊ, तिसरी कोनाची?"

इसरूनं तोंड उघडलं आणि त्याला स्वतःलाच धक्का बसला. इतकी वर्षं तो त्याच ओळीत जेवला होता. "दसरूची," तो कसाबसा म्हणाला. "पत्रूची चौथी."

"वाटीवरून कोनाले फाशी होते का?" दसरू हसला. हसू जरा जास्तच लांबलं.

"नाई होत," सुगंधाबाई म्हणाली. "म्हून पेटी आणली. चोपन्न साली कोनं बनवली, नानाजी?"

"दसरूनं. सांगितलं ना, पत्रू तवा आला बी नोता."

"इसरूभाऊ, सांधा खोला."

नानाजी हाय हाय करत असताना इसरूनं पेटीच्या कोपऱ्याची लाकडी खुंटी ठोकून काढली. फळी सुटली. सांध्याच्या आत, तीन वर्षं उजेड न पाहिलेल्या लाकडावर, काळीभोर खूण होती. वर पागोटं. खाली तीन रेघा.

गुणवंतरावांनी पेटी हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली आणि दसरूकडे पाहिलं. दसरूचा चेहरा राखेसारखा झाला होता. पण त्याला आपण पकडले गेल्याचा धक्का बसला नव्हता, दुसराच बसला होता. तो त्या तीन रेघांकडे बघत होता.

"मी दुसरा," तो लहान पोरासारखा म्हणाला. "मी त दुसरा झालतो. मोठा मेला होता ना?"

मग तो फलाटावरच बसला. पटाशीचा एक घाव जास्त पडला होता, तो सांगू लागला. जीभ आखूड झाली. मिस्त्री सागाचा एक छिलका वाया गेला तरी दिवसभर बोलत नसे, त्या धाकानं यानं सावरीचं ठिगळ लावलं. टिकेल वाटलं. सावलीला ती तुळई निसटली, तेव्हा हा समोरच उभा होता. मरताना लच्छूचा हात यानंच धरला होता, आणि 'पोरानं घाई केली' हे पहिलं वाक्यही याच्याच तोंडातून निघालं होतं. आज मिस्त्रीनं जेवणाच्या सुट्टीत याला एकट्याला थांबवून घेतलं, ठिगळ दाखवलं. याच्या पटाशीचं टोक जरा उडालेलं होतं, त्यामुळे तिच्या प्रत्येक घावात केसाएवढी रेघ राही. म्हाताऱ्यानं तीच ओळखली. मिस्त्री खूण करून उठला. म्हणाला, लच्छूच्या मायले सांगाले जातो.

"मंग मी मोगरी उचलली. मंग पाह्यलं त तीन रेघा. मले वाटलं, म्हाताऱ्याची मती फिरली, पत्रूचा नंबर लिवला. म्हून पुसलं फकत रगत."

त्या एका पुसण्यानंच तो सापडला होता. शाई पुसली असती तर सात जन्मात सापडला नसता.

इसरू पुढं झाला. सगळ्यांना वाटलं तो मारणार. पण त्यानं दसरूच्या हातातली शिदोरी तेवढी काढून घेतली आणि पत्रूच्या मांडीवर ठेवली. शिपायांनी पत्रूचे हात सोडले. बेड्या तिथंच दुसऱ्या हातांत पडल्या आणि पाचची गाडी वेळेवर सुटली.

"चाल," सुगंधाबाई पत्रूला म्हणाली. "मी कोनाले त शब्द देल्ला हाय."

पाचवं

पत्रू झोपडीपाशी पोचला तेव्हा दिवस मावळायला टेकला होता. तो बाहेर जमिनीवर बसला, आतून बुधरीनं त्याचा खोकला ओळखला, आणि थोड्याच वेळात मुलगी झाली. रडली चांगली ठणठणीत. सुगंधाबाईनं नाळ कापली आणि मग मात्र कोपऱ्यात जाऊन स्वतःच रडून घेतलं. दिवसभराचं सगळं तेव्हा बाहेर आलं.

सकाळी इसरू पाळणा घेऊन आला. पत्रूनं आणलेल्या वाखाची दोरी त्यानंच वळून बांधली होती. येताना तो लच्छूच्या आईकडे जाऊन आला होता.

"मिस्त्रीची वाट्याईची ओळ मोडली नाई मी," तो म्हणाला. "आज चारी वाट्यात भात टाकला. पाचवा त्याचा कटोरा बी मांडला."

पाळणा पुसून घ्यावा म्हणून सुगंधाबाईनं तो उपडा केला, आणि तिचा हात जागीच राहिला. बुडाच्या फळीवर काळ्या शाईत तीच खूण होती. पागोटं आणि तीन रेघा.

इसरू दोन पावलं मागं सरकला. "हे काऊन इथी? दसरूनं त पाळण्याले हात नाई लावला!"

"नाई," पत्रू हळूच म्हणाला. "मिस्त्रीनं मले इचारलं होतं, कितवं लेकरू? मी म्हनलो, तिसरं. बाकी सारे म्हनते, आंदीचे गेले ना, मंग हे पह्यलंच समज. थो काईच नाई बोलला. कुंचला घेतला अन् लिवलं."

बुधरीला ते वाचता येत नव्हतं. पत्रूनं तिला गोंडीत सांगितलं. ती हातावर रेलून उठली, पाळणा जवळ ओढून घेतला आणि वरच्या रेघेवर बोट ठेवून एक नाव घेतलं. मग मधल्या रेघेवर बोट ठेवून दुसरं. दोन्ही नावं सुगंधाबाईनं या घरात आधी कधी ऐकली नव्हती.

खालच्या रेघेला अजून नाव नव्हतं. बुधरीनं पाळणा सरळ केला आणि मुलीला त्यात निजवलं.